दर महिन्याला किती?

मागच्या नोव्हेंबरात पहिला बर्फ पडला आणि आमची अकरा वर्षांची गाडी गेली. ऑफिसमधून परतताना लाल दिव्याला थांबलो होतो. मागून येणाऱ्याने ब्रेक मारला, पण बर्फावर त्याची गाडी काही थांबली नाही. मला मानेच्या दुखण्यापलीकडे काही झाले नाही. आमच्या गाडीची डिकी मात्र मागच्या सीटला येऊन टेकली. विमा कंपनीने ती 'टोटल' ठरवली. म्हणजे दुरुस्तीचा खर्च गाडीच्या बाजारभावाच्या इतका जवळ गेला की कंपनी गाडी उचलून नेते आणि तुमच्या हातात त्या भावाचा चेक ठेवते. चेक आला ९,००० डॉलरचा.

डेट्रॉइटच्या उपनगरात गाडीशिवाय दूधसुद्धा आणता येत नाही. तेव्हा दुसरी गाडी घेणे भागच होते. तीन वर्षे वापरलेली एक चांगली गाडी पाहिली. कर वगैरे धरून किंमत २४,००० डॉलर. मी विक्रेत्याला म्हटले, किंमत थोडी कमी करा. गृहस्थ गोड हसला, एका कागदावर चार चौकोन काढले आणि मला विचारले, "ते राहू द्या. दर महिन्याला किती जमेल?"

मी पुन्हा किंमत विचारली, त्याने पुन्हा महिना विचारला. शेवटी त्यानेच आकडा लिहिला: विम्याचे ९,००० आत्ता द्या, उरलेल्या १५,००० साठी महिना २६२ डॉलर. किती महिने आणि किती व्याज, हे त्याच कागदावर खाली बारीक अक्षरात होते: ७२ महिने, ७.९ टक्के. मी खिशातला फोन काढून गुणाकार केला. ७२ गुणिले २६२ म्हणजे जवळजवळ १८,९००. म्हणजे १५,००० वर साधारण ३,९०० व्याज. विचार करून सांगतो म्हणालो आणि घरी आलो.

खरे तर बँकेत १८,००० डॉलर शिल्लक होते. त्यातले १५,००० काढले असते तर विषय तिथेच संपला असता. पण आमच्या घरात त्या खात्याला 'तिकिटाचे पैसे' म्हणतात. परदेशात राहणाऱ्या प्रत्येक माणसाकडे असे एक खाते असते, निदान असावे. रात्री अडीच वाजता सांगलीहून फोन आला तर सकाळच्या विमानाचे तिकीट भाव न विचारता काढता यावे आणि तिकडे पोचल्यावर हॉस्पिटलच्या काउंटरवर हात आखडावा लागू नये, म्हणून. २०११ साली बाबा गेले तेव्हा मी याच पैशांवर वेळेत पोचलो होतो. आई आता ८१ वर्षांची आहे.

आणि दुसऱ्या बाजूला बाबाच उभे होते. बाबांनी आयुष्यात कर्ज काढले नाही. सत्तरच्या दशकात त्यांनी बजाजची स्कूटर नोंदवली. ती लायसन्स-परमिटची वर्षे होती, स्कूटरसाठी वर्षानुवर्षे थांबावे लागे. स्कूटर आमच्या दारात आली तेव्हा नोंदणीला सात वर्षे झाली होती. तेवढ्या वर्षांत त्यांनी थोडे थोडे करून सगळी रक्कम साठवली होती. 'अंथरूण पाहून पाय पसरावे' ही म्हण त्यांनी आम्हाला कधी शिकवली नाही, तसे वागून दाखवले.

तर एकीकडे बाबांची रोखीची शिस्त, दुसरीकडे तिकिटाचे पैसे आणि मध्ये तो गोड प्रश्न. इंजिनियर माणसाची खोड अशी, की एखादे यंत्र आपल्याला ढकलू लागले की ते कोणी बनवले हे बघावेसे वाटते. 'दर महिन्याला किती' हेही एक यंत्रच आहे आणि गंमत म्हणजे ते बऱ्याच अंशी आमच्याच गावात घडले.

पाहुणे आले की मी त्यांना डेट्रॉइटच्या पिकेट अव्हेन्यूवरचा फोर्डचा जुना कारखाना दाखवायला नेतो. लाकडी जमिनीची तीन मजली विटांची साधी इमारत. १९०८ साली फोर्डची 'मॉडेल टी' इथे जन्मली. तेव्हा तिची किंमत होती ८५० डॉलर. पुढे हायलँड पार्कच्या कारखान्यात १९१३ साली हलती जुळणी-साखळी आली आणि गाडीचा सांगाडा जुळवायला साडेबारा तास लागत होते तिथे दीड तास पुरू लागला. किंमत उतरत गेली, १९२५ पर्यंत सगळ्यात साधी 'टी' २६० डॉलरला मिळू लागली. हेन्री फोर्डचे म्हणणे सरळ होते: मी गाडी स्वस्त करतो, तुम्ही पैसे साठवा आणि रोख देऊन घेऊन जा. कर्ज काढून वस्तू घेणे त्याला चारित्र्याचा दोष वाटे. बाबांचे आणि त्याचे चांगले जमले असते.

पण गाडी कितीही स्वस्त झाली तरी कामगाराला एवढी रक्कम एकदम काढून देणे अवघडच होते. बँका गाडीसाठी कर्ज द्यायला नाखूश असत, कारण त्यांच्या लेखी मोटार ही चैन होती. हप्त्यांची कल्पना तशी नवी नव्हती. सिंगर कंपनीच्या एडवर्ड क्लार्कने १८५६ सालीच शिवणयंत्रे हप्त्यांवर विकायला सुरुवात केली होती. थोडे पैसे आधी, बाकीचे दर महिन्याला, तोवर यंत्र कंपनीच्या मालकीचे. मोटारींच्या बाबतीत मात्र हप्ता यायला आणखी एक कारण घडावे लागले, आणि ते होते हिवाळा.

त्या काळच्या बहुतेक गाड्या उघड्या आणि रस्ते कच्चे. थंडीत गाडी कोण घेणार? विक्री वसंतात आणि उन्हाळ्यात होई. पण जुळणी-साखळी असलेला कारखाना चार महिने बंद ठेवून चालत नाही. माल बारा महिने बाहेर पडणार. तो ठेवायचा कुठे? कंपन्यांनी तो विक्रेत्यांच्या गळ्यात घातला, तोही रोख पैसे घेऊन. विक्रेता छोटा माणूस. हिवाळाभर गाड्यांचा ढीग सांभाळायला त्याच्याकडे भांडवल कुठून येणार? म्हणून आधी विक्रेत्याला उसने पैसे देणाऱ्या कंपन्या निघाल्या आणि त्याच कंपन्या मग गिऱ्हाइकालाही हप्ते बांधून देऊ लागल्या. आमच्यापासून तासाभरावर असलेल्या टोलेडोमध्ये १९१५ साली अशी एक कंपनी विलीज-ओव्हरलँडच्या गाड्यांसाठी सुरू झाली. म्हणजे हप्ता हा गिऱ्हाइकाच्या गरजेतून जेवढा जन्मला, तेवढाच कारखान्याच्या गरजेतूनही. ही गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते.

जनरल मोटर्सने हे ओळखले. कंपनीचा आर्थिक कारभार पाहणाऱ्या जॉन रास्कोबच्या पुढाकाराने १९१९ साली 'जनरल मोटर्स अक्सेप्टन्स कॉर्पोरेशन', म्हणजे जीमॅक, स्थापन झाली. गाडी बनवणाऱ्याच्या घरचीच सावकारी. विक्रेत्याच्या गोदामालाही पैसा आणि गिऱ्हाइकालाही. साधारण अटी अशा: एक तृतीयांश आधी द्या, बाकीचे एका वर्षात. विशीचे दशक अर्धे सरले तेव्हा अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या बहुसंख्य गाड्या हप्त्यांवर जात होत्या.

फोर्डने यावर १९२३ साली आपल्या स्वभावाला शोभेल असे उत्तर काढले. त्याच्या साप्ताहिक खरेदी योजनेत गिऱ्हाइकाने दर आठवड्याला पाच डॉलर बँकेत भरायचे, त्यावर व्याज मिळणार आणि पूर्ण रक्कम साठली की गाडी घरी न्यायची. वाचताना मला आपली भिशी आठवली आणि बाबांची स्कूटरही. हिशेबाने पाहिले तर ही योजना गिऱ्हाइकाच्या फायद्याची होती, कारण व्याज तो देत नव्हता, घेत होता. पण शेजारी आज गाडी घेऊन रविवारी बायकामुलांना फिरवतोय आणि आपण पासबुक बघत बसायचे, हे किती जणांना जमणार? योजना फसली. बाबांना ते जमले, पण त्यांच्या शेजाऱ्याकडेही स्कूटर नव्हती, हेही लक्षात घ्यायला हवे.

जनरल मोटर्सचा प्रमुख आल्फ्रेड स्लोन याने आणखी एक गोष्ट हेरली. ज्यांना गाडी हवी होती त्यांतल्या बहुतेकांकडे आता ती होती. यापुढचे गिऱ्हाईक पहिली गाडी घेणारे नसून जुनी बदलणारे असणार होते. मग जुनी गाडी विक्रेत्याला द्यायची, तिची किंमत हीच आधी द्यायची रक्कम धरायची, बाकीचे हप्ते, आणि दरवर्षी नवे मॉडेल काढून जुने जुनाट दिसेल याची काळजी घ्यायची. माझ्या हातातल्या विम्याच्या चेकने नेमके त्या जुन्या गाडीचेच काम केले होते. १९२७ साली दीड कोटी गाड्या बनवून 'मॉडेल टी' बंद झाली आणि त्या वर्षी शेवरोलेने विक्रीत फोर्डला मागे टाकले. १९२८ साली फोर्डनेही हप्त्यांसाठी स्वतःची वेगळी कंपनी काढली. चारित्र्याचा दोष शेवटी त्यालाही विकावा लागला.

आता या यंत्राचे दुसरे अंग पाहू. १९३५ साली जीमॅकने '६ टक्के योजना' जाहीर केली. ६ टक्के ऐकायला किती निरुपद्रवी! पण हिशेब करून बघा. समजा ६०० डॉलर कर्ज, एक वर्ष मुदत. ६ टक्के म्हणजे ३६ डॉलर व्याज. एकूण ६३६, बारा हप्ते, प्रत्येकी ५३ डॉलर. यात चूक कुठे आहे? तुमच्याकडे ते ६०० डॉलर वर्षभर नसतातच. पहिल्या महिन्यापासून तुम्ही परतफेड करता. सहा महिन्यांनी तुमच्याकडे साधारण निम्मेच पैसे उरलेले असतात, व्याज मात्र पहिल्या दिवसाच्या ६०० वर मोजलेले. खरा वार्षिक दर निघतो जवळजवळ ११ टक्के. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने ही जाहिरात दिशाभूल करणारी ठरवली, कंपनी कोर्टात गेली आणि १९४० साली हरली.

हा खेळ आपल्याकडे 'फ्लॅट रेट' या नावाने चांगलाच ओळखीचा आहे. दुचाकीच्या दुकानात कोणी '८ टक्के फ्लॅट' म्हणाले तर ते साधारण दुपटीकडे नेऊन मगच विचार करा. रिझर्व्ह बँकेने ऑक्टोबर २०२४ पासून किरकोळ कर्जांसाठी सगळे खर्च धरून खरा वार्षिक दर एका कागदावर लिहून देणे सक्तीचे केले आहे. तो कागद मागून घ्या आणि सही करण्याआधी वाचा.

मंदीच्या काळात हप्त्याचा खरा दात दिसला. मार्था ओल्नी या अर्थशास्त्राच्या अभ्यासक बाईंनी यावर फार चांगले काम केले आहे. तेव्हाचा नियम असा की हप्ता चुकला तर गाडी तर जाईच, शिवाय तोवर भरलेले सगळे पैसेही बुडत. दहा हप्ते भरून अकरावा चुकला तरी हातात शून्य. त्यामुळे १९३० साली नोकरीची खात्री वाटेना तेव्हा लोकांनी गाडीचा हप्ता सोडला नाही, बाकीचा खर्च सोडला. ओल्नीबाईंचे म्हणणे असे की त्या वर्षी बाजारातली मागणी एवढी कोसळण्यामागे हे एक मोठे कारण होते. एका घरात हप्ता वाचवण्यासाठी शर्ट घेतला नाही तर ती काटकसर. तेच लाखो घरांत एकदम घडले तर शर्टाचा कारखाना बंद पडतो.

पुढे सरकारनेही या यंत्राची कळ हातात घेतली. युद्धाच्या तयारीत १९४१ साली फेडरल रिझर्व्हने नियम केला: गाडीसाठी किमान एक तृतीयांश आधी द्या आणि १८ महिन्यांत कर्ज फेडा. फेब्रुवारी १९४२ मध्ये तर नागरिकांसाठी गाड्या बनवणेच थांबले. नियम १९५२ साली उठले आणि मुदत लांबत गेली. बारा महिन्यांचे छत्तीस झाले, साठ झाले, आज ७२ सर्रास आहेत आणि ८४ ही मिळतात. विचार केला तर विक्रेत्याला हे फार सोयीचे आहे. किंमत वाढली की मुदत वाढवायची, मग महिन्याचा आकडा होता तिथेच राहतो. गिऱ्हाइकाला वाटते काहीच महाग झाले नाही.

मग गिऱ्हाइकाच्या बाजूने कोणी उभे राहिले की नाही? राहिले. इलिनॉयचे सेनेटर पॉल डग्लस मूळचे शिकागो विद्यापीठातले अर्थशास्त्राचे प्राध्यापक. ज्यांनी अर्थशास्त्र शिकले असेल त्यांना 'कॉब-डग्लस' सूत्र आठवेल, त्यातले हे डग्लस. त्यांनी १९६० साली एक साधी मागणी मांडली: कर्ज देणाऱ्याने एकूण व्याज किती आणि खरा वार्षिक दर किती, हे स्पष्ट लिहून द्यावे. कर्ज देणाऱ्यांनी कडाडून विरोध केला. १९६६ साली डग्लस निवडणूक हरले. कायदा झाला १९६८ साली, ते सेनेटबाहेर असताना. माझ्या कागदावर खाली बारीक अक्षरात का होईना, ७२ महिने आणि ७.९ टक्के लिहिलेले होते. बाकी कोणाचे नसले तरी मी या प्राध्यापकाचे आभार मानले.

एक गंमत राहिली. १९९८ साली मी इथे आलो तेव्हा पहिल्या नोकरीत गाडीसाठी कर्ज मागायला गेलो. मोठ्या अभिमानाने सांगितले, माझ्यावर एका पैचेही कर्ज नाही, आमच्या घराण्यातच कोणी काढलेले नाही. समोरच्या बाईंनी माझ्याकडे दयेने पाहिले. कर्ज नाही म्हणजे परतफेडीचा इतिहास नाही, इतिहास नाही म्हणजे गुण नाहीत, गुण नाहीत म्हणजे कर्ज नाही! हे गुण देणारी पद्धत बिल फेअर नावाचा इंजिनियर आणि अर्ल आयझॅक नावाचा गणिती यांनी १९५६ साली काढलेल्या कंपनीतून आली आणि आज सगळीकडे वापरतात तो आकडा १९८९ सालचा. फोर्डच्या काळात कर्ज न काढणारा माणूस सद्गुणी होता, माझ्या काळात तो अनोळखी झाला. त्या वेळी मी परत जाणाऱ्या एका विद्यार्थ्याकडून २,२०० डॉलरला रोखीने खटारा घेतला.

असो. तर एवढी सगळी उजळणी झाल्यावर मी कागद-पेन्सिल घेऊन बसलो. मला जे कळले ते एवढेच: 'दर महिन्याला किती' हा प्रश्न मुळात कारखान्याचा आहे, कारण त्याला माल हलवायचा असतो. माझे प्रश्न तीनच. एकूण किती? किती दिवस? आणि त्या बदल्यात माझ्या हातात काय राहते?

दुसऱ्या दिवशी क्रेडिट युनियनमध्ये गेलो. क्रेडिट युनियन म्हणजे आपली पतपेढी, सभासदांचीच. तिथे ६ टक्के दर मिळाला, खरा वार्षिक. तिकिटाच्या पैशांतून ६,००० काढले. विम्याचे ९,००० आणि हे ६,००० मिळून १५,००० आधी द्यायचे आणि ९,००० चे कर्ज ३६ महिन्यांसाठी. हप्ता किती आला असेल? २७४ डॉलर! विक्रेत्याच्या २६२ पेक्षा फक्त १२ जास्त. पण मुदत निम्मी, आणि एकूण व्याज ३,९०० च्या जागी सुमारे ८६०. तिकिटाच्या खात्यात १२,००० शिल्लक राहिले.

ते ८६० डॉलर रोखीने घेतले असते तर वाचले असते, हे खरे. पण आता मी त्यांना गाडीचे व्याज समजत नाही. १२,००० डॉलर तीन वर्षे हाताशी ठेवण्याचे ते भाडे आहे. बाबा सात वर्षे थांबू शकले, कारण त्यांची सगळी माणसे सायकलच्या अंतरावर होती. माझी तशी नाहीत. विक्रेत्याकडे परत गेलो, किंमत तीच ठेवली आणि क्रेडिट युनियनचा चेक दिला. गृहस्थाचे हसू जरा कमी झाले. व्याजदरात विक्रेत्याचाही वाटा असतो, तो त्याचा बुडाला.

रविवारी आईला फोनवर सांगितले. ती थोडा वेळ गप्प बसली. मला वाटले, आता बाबांचा दाखला येणार. मग म्हणाली, "अरे, त्या स्कूटरसाठी तुझे बाबा थांबले म्हणतोस, पण शेवटचे पैसे कमी पडले होते. माझ्या पाटल्या ठेवल्या होत्या. दोन वर्षांनी सोडवल्या. तुम्हा मुलांना सांगायचं नाही असं ठरलं होतं आमचं."

मी विचारले, व्याज किती पडले होते गं?

"ते कोण बघतंय," आई म्हणाली. "दर महिन्याला किती द्यायचे तेवढं लक्षात होतं."